मोसमाआधी रायडर्सवर वाद घालताना या चुका टाळा

कॅनडातल्या रिजायनात रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग पुरते वितळलेले नसतात, तेव्हापासूनच ही चर्चा सुरू होते. यंदा पाडव्याला आम्ही चार-पाच मराठी घरं एकत्र जेवलो आणि श्रीखंडाची वाटी रिकामी व्हायच्या आत विषय इथल्या कॅनेडियन फुटबॉल संघावर, सस्कॅचवान रफरायडर्सवर आला. साहजिकच आहे. १६ नोव्हेंबर २०२५ ला विनिपेगमध्ये, म्हणजे आपल्या हाडवैऱ्याच्याच मैदानावर, माँट्रियलला २५-१७ असं हरवून रायडर्सनी ग्रे कप, म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीगचा विजेतेपदाचा चषक, घेतला. १९६६, १९८९, २००७, २०१३ आणि आता २०२५. एवढ्या जुन्या संघाचे हे पाचच विजय, त्यामुळे प्रत्येकाची किंमत इथल्या माणसाला ठाऊक आहे. इतकी वर्षं आम्ही विचारायचो, ‘यंदा तरी?’ आता विचारतो, ‘परत एकदा?’

वाद जरूर घालावा. हिरवा जर्सी घालून आणि पोखरलेलं कलिंगड डोक्यावर चढवून मैदानात जाणाऱ्यांचा हा संघ आहे. तो कुणा धनाढ्याच्या मालकीचा नाही, समाजाच्या मालकीचा आहे, म्हणून प्रत्येकाला त्यावर बोलायचा हक्क आहे. पण दर वर्षी त्याच त्या चुका होतात. त्यांची उत्तरं या संघाच्या आणि या लीगच्या इतिहासातच आहेत.

गेल्या वर्षीच्या तक्त्यावर यंदाचा अंदाज बांधणं

‘१२-६ होतो, पश्चिम विभागात पहिले होतो, कप जिंकलो, मग यंदा किमान अकरा विजय तरी धरूनच चला.’ हे वाक्य मी या वसंतात किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. (१२-६ म्हणजे बारा विजय, सहा पराभव; तिसरा आकडा असला तर तो बरोबरीचा.)

टोरंटोकडे बघा. २०२४ चे विजेते आर्गोनॉट्स, आणि २०२५ मध्ये त्यांचा हिशेब ५-१३. उलट बाजूला कॅल्गरी: २०२४ मध्ये ५-१२-१ अशी दैना, पुढच्याच वर्षी ११-७. एका हिवाळ्यात एवढी उलथापालथ होते याला कारण आहे. लीगमध्ये संघ फक्त नऊ, आणि बहुतेक खेळाडूंचे करार एक-दोन वर्षांचे. फेब्रुवारीत फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची खुली बाजारपेठ, उघडली की चांगल्या संघातले पाच-सहा जण सहज दुसरीकडे जातात. पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखीच, साधारण ६० लाख कॅनेडियन डॉलर. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाचा भाव वाढतो, पण त्याला द्यायचे पैसे वाढत नाहीत.

आपलाच अनुभव आठवा. २००७ चा कप जिंकला आणि कोच केंट ऑस्टिन अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलकडे गेले. त्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) केरी जोसेफ टोरंटोला गेला. २००८ मध्ये संघ १२-६ खेळला खरा, पण पहिल्याच बाद सामन्यात घरी बसला. २०१३ नंतरचं तर अजून बोचतं. २०१४ च्या सप्टेंबरात क्वार्टरबॅक डॅरियन ड्यूरंटचं कोपर दुखावलं आणि जोरात चाललेला मोसम १०-८ वर येऊन थांबला. २०१५ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली, आणि ते वर्ष ३-१५ असं संपलं. कप जिंकून दोन वर्षंही झाली नव्हती.

गेल्या तीस वर्षांत लागोपाठ कप राखणारे संघ तीनच: टोरंटो १९९६-९७, माँट्रियल २००९-१०, आणि विनिपेग २०१९ व २०२१, कारण मधला २०२० चा मोसम कोविडमुळे झालाच नाही. ‘परत एकदा’ म्हणताना हे तीन दाखले समोर असू द्या.

पहिल्या क्वार्टरबॅकचं नाव घेऊन थांबणं

मला सगळ्यात मोठी वाटणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

ट्रेव्हर हॅरिस आपल्याकडे २०२३ मध्ये आला. जुलैतच त्याचा गुडघा गेला, आणि तो मोसम ६-१२ वर संपला. २०२४ मध्ये पुन्हा गुडघा, पुन्हा कित्येक आठवडे बाहेर. पण त्या वर्षी राखीव क्वार्टरबॅक शे पॅटरसनने मधले सामने सांभाळले, हॅरिस परत आला तेव्हा मोसम अजून जिवंत होता, आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. २०२५ मध्ये हॅरिस जवळजवळ पूर्ण मोसम उभा राहिला आणि वयाच्या ३९ व्या वर्षी ग्रे कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन वर्षं माणूस तोच. फरक पडला तो त्याच्या गुडघ्याचा आणि त्याच्यामागे कोण उभा होता याचा.

टोरंटोचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२४ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात चॅड केलीचा पाय मोडला. आठवड्याभराने दुसऱ्या फळीतला निक आर्बकल ग्रे कपमध्ये उतरला, विनिपेगला ४१-२४ हरवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे राखीव खेळाडू कप जिंकून देऊ शकतो. मात्र पुढच्या वर्षी केली पूर्ण मोसम बाहेर राहिला, बहुतेक मोसमाचा भार त्याच आर्बकलवर आला, आणि निकाल वर सांगितलाच आहे. एक रविवार तारून नेणं निराळं आणि जून ते ऑक्टोबर संघ ओढणं निराळं.

तेव्हा ‘आपला क्वार्टरबॅक लीगमध्ये पहिल्या तिघांत आहे की नाही’ यावर तासभर घालवू नका. पाचव्या आठवड्यात तो जायबंदी झाला तर कोण उतरणार, आणि त्याने लीगमध्ये किती सामने सुरुवातीपासून खेळले आहेत, हे विचारा. त्याच्या पुढ्यात उभ्या राहून त्याला वाचवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण सलग किती सामने एकत्र खेळलेत, हेही विचारा. गुडघे बऱ्याचदा तिथे वाचतात किंवा तिथे जातात.

कॅनेडियन खेळाडूंचा हिशेब न करणं

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे खरं तर लगेच समजायला हवं. आयपीएलमध्ये अकरांत चारच परदेशी चालतात, म्हणून कुठला संघ खोल आहे हे त्याच्या भारतीय बाकावरून कळतं. इथेही तसंच आहे. सुरुवातीच्या खेळाडूंत किमान सात कॅनेडियन असावेच लागतात. प्रत्येक कोच हे सात कुठे बसवायचे याची आखणी हिवाळ्यातच करतो; बरेचसे ऑफेन्सिव्ह लाइनवर, एखाद-दुसरा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), एखादा सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा). आता त्यातला एक लाइनमन जखमी झाला आणि त्याच्यामागचा चांगला खेळाडू अमेरिकन असेल, तर त्याला आत घेण्यासाठी दुसऱ्याच जागेवरचा चांगला अमेरिकन बाहेर बसवून तिथे कॅनेडियन आणावा लागतो. एका दुखापतीने दोन जागा हलतात.

सॅम्युएल एमिलसचं मोल त्यासाठीच. गेल्या ग्रे कपमध्ये तो सर्वोत्तम कॅनेडियन ठरला. असा एक कॅनेडियन रिसीव्हर संघात असला की कोचला बाकीची मांडणी मोकळेपणाने करता येते. फ्री एजन्सीत कुठला मोठा अमेरिकन आला याच्या बातम्या आपण वाचतो, पण ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतून, आलेला दुसऱ्या वर्षाचा कॅनेडियन गार्ड (लाइनमधला एक) तयार झाला का, हे फारसं कुणी विचारत नाही.

एनएफएलचा चष्मा

एनएफएल ही अमेरिकेतली फुटबॉल लीग, तिचे नियम वेगळे. इथे डाऊन, म्हणजे चेंडू पुढे नेायच्या संधी, तीन, खेळाडू बारा, मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. रिसीव्हर धावत येऊन रेषा गाठतात, बचाव करणाऱ्यांना चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. अमेरिकेतलं नाव घेऊन आलेला प्रत्येक जण इथे चालतोच असं नाही. २०१८ मध्ये माँट्रियलने एनएफएलमध्ये खेळून आलेल्या क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेलसाठी हॅमिल्टनला पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क आणि खेळाडू देऊन टाकले. पहिल्याच सामन्यात त्याने चार चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले, आणि तो मोसम माँट्रियलने ५-१३ वर संपवला.

आता नियमही बदलताहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये लीगने जाहीर केलं की २०२६ पासून खेळ सुरू करायला ३५ सेकंदांचं घड्याळ असेल आणि किक एंड झोनमधून (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्यातून) थेट बाहेर गेली तर मिळणारा एक गुण बंद होईल. २०२७ पासून मैदानच १०० यार्डांचं करायचं ठरलंय. किकरचे जुने आकडे घेऊन वाद घालणाऱ्यांनी यातला एका गुणाचा बदल तरी लक्षात ठेवावा.

प्रीसीझनचा धावफलक आणि जूनमधली घाई

प्रीसीझनचे, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाचे, दोन सामने निकालासाठी बघू नका. तिथे ज्यांची जागा पक्की नाही ते खेळतात. दुसरा क्वार्टरबॅक पहिल्या फळीच्या लाइनमागे कसा दिसतो आणि किक परतवणाऱ्याला अडवायला कोण जीव तोडून पळतो, एवढं बघितलं तरी पुरे.

आणि पहिल्या महिन्यावरून निकाल लावू नका. २०२२ चा ग्रे कप आपल्याच मोझेक स्टेडियमवर होता. घरच्या मैदानावर अंतिम सामना खेळायचा या स्वप्नाने अख्खा प्रांत भारला होता. संघाने सुरुवात ४-१ अशी केली. शेवट ६-१२, बाद फेरीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लेबर डेच्या सामन्यात विनिपेगला जादा वेळेत ३२-३० हरवून आपण ६-५ झालो. मी स्वतः त्या रात्री मोसम जिंकल्यासारखा घरी आलो होतो. आठवड्याभराने बँजो बोल नावाच्या परतीच्या सामन्यात त्याच विनिपेगने ५१-६ असं धुतलं आणि तो धरून उरलेले सातही सामने गेले. विनिपेगचं २०२४ नेमकं याच्या उलट: पहिले चार हरले, मग २-६ झाले, तरी ११-७ वर पश्चिमेत पहिले येऊन ग्रे कपला पोचले.

‘चौथे आलो तरी पूर्वेकडून क्रॉसओव्हरने जाऊ’ असं कुणी म्हणालं (पश्चिमेतल्या चौथ्याचे गुण पूर्वेतल्या तिसऱ्याहून जास्त असले तर त्याला पूर्वेच्या बाद फेरीत जागा मिळते), तर त्याला आठवण करून द्या की २०२५ पर्यंत त्या वाटेने गेलेला एकही संघ ग्रे कपपर्यंत पोचलेला नाही.

वाद अडकलाच तर

दोन्ही बाजू तीच वाक्यं परत बोलू लागल्या की मी कागद घेतो आणि सगळ्यांना तीन नावं लिहायला सांगतो: दुसरा क्वार्टरबॅक, सहावा ऑफेन्सिव्ह लाइनमन आणि आठवा कॅनेडियन. पाडव्याला आम्ही नऊ जण होतो. तिन्ही नावं एकालाच लिहिता आली, आणि तो अकरावीतला मुलगा होता. मे महिन्यात सस्कॅटूनला ग्रिफिथ्स स्टेडियमवर संघाचा सराव-कॅम्प सुरू झाला की उरलेले आम्ही आठ जण गाडी काढून तिकडे जायचं ठरलंय. लाइनच्या सरावाला सगळ्यात पुढे बसायचं, आणि सहावा कोण ते बघून यायचं.