व्हिसाचे कागद हाताशी कसे ठेवाल

ई-व्हिसाची प्रिंट मी नेहमी लेझर प्रिंटरवर काढते. इंकजेटची शाई पाण्याचा थेंब पडला तरी पसरू शकते, आणि बारकोड फिसकटला तर काउंटरवर खोळंबा होतो. ए४ कागद, शंभर टक्के आकार, दोन प्रती. प्रिंट हातात आली की पासपोर्ट शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर ताडून पाहा. हे काम घाईत करू नका. चूक सुधारायला वेळ घरीच असतो.

घडी घालायचीच तर बारकोड सोडून घाला. कागद पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवावा, पण लॅमिनेट करू नये, कारण त्यावर शिक्का उमटत नाही. पासपोर्टला स्टेपल तर मुळीच नको.

एक प्रत पासपोर्टसोबत हँडबॅगेत, दुसरी वेगळ्या बॅगेत. चेक-इन सामानात मूळ कागद कधीच टाकू नका: ते सामान इमिग्रेशन ओलांडल्यावरच मिळतं. मुलं सोबत असतील तर प्रत्येकाचा फोल्डर वेगळा. मोबाइलमध्ये पीडीएफ ऑफलाइन ठेवा, मात्र काही देश छापील प्रतच मागतात. प्रवेशाचा शिक्का कागदावर मारला असेल, तर तो परतीपर्यंत जपा.