विमानाने आंबा-मासळी पाठवताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझी हापूसची एक खेप लंडनला पोचली ती निम्मी मऊ पडून. फळ देवगडचं, १४ आणे तयार झाल्यावर उतरवलेलं, निवड मी स्वतः उभं राहून केलेली. सगळ्यांनी विमान कंपनीला दोष दिला, मीही दिला. मग पेटीत ठेवलेल्या लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या छोट्या यंत्राचा, आलेख हाती आला. विमानातले साडेनऊ तास रेघ १५-१६ अंशांवर शांत पडलेली. त्याआधी मुंबईत कार्गो टर्मिनलबाहेर गाडी रांगेत उभी होती, ते पाच तास मात्र ३४ अंशांवर.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या निर्यातदाराला हेच सांगतो: माल बिघडतो तो जमिनीवर. पॅकहाउसच्या दारात, गाडीत, टर्मिनलच्या रांगेत, आखातातल्या एखाद्या विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट बघत उन्हात उभ्या केलेल्या ट्रॉलीवर. खाली लिहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

गरम माल पेटीत भरणं

ही चूक सर्वांत महागात पडते. रिफर गाडी, म्हणजे शीतगाडी, माल थंड करत नाही, थंड असलेला माल थंड ठेवते. विमानाच्या पोटातही तेच. तोडलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेतं आणि उष्णता सोडत राहतं. गरम पेट्या एकावर एक रचल्या की मधल्या पेट्यांची ऊब बाहेर पडायला वाटच उरत नाही.

युरोपने १ मे २०१४ पासून फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला होता, तो जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यानंतर ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं फळ बुडवण्याची प्रक्रिया आपल्याकडे रुळली. पाण्यातून निघालेलं फळ वरून लवकर निवतं, पण कोयीजवळचा गर बराच वेळ गरम राहतो. आमच्या पॅकहाउसमधल्या एक मावशी भरायच्या आधी फळ गालाला लावून बघायच्या. गाडी दारात उभी, फॉरवर्डरचे (विमानात जागा बुक करून माल पाठवणाऱ्या एजंटचे) फोनवर फोन, आणि मावशी म्हणायच्या, "भाऊ, अजून ऊब आहे, थांबा जरा." त्यांच्यासाठी थांबलेली खेप कधी परत आली नाही. आता मी गराचं तापमान सुईच्या थर्मामीटरने बघतो. त्यासाठी दोन-चार फळं वाया जातात, ती जाऊ द्यावीत.

पेट्यांची भोकं हीसुद्धा इथलीच गोष्ट. भोकासमोर भोक येईल अशी रचना केली तरच हवा आरपार जाते. पॅलेटला (पेट्या रचलेल्या फळीला) सगळीकडून प्लास्टिक गुंडाळलं तर ताज्या फळाचा श्वासच कोंडतो. कोपऱ्यांना पट्ट्या आणि वरून जाळी एवढं पुरतं. पॅलेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का आहे ना, हे आधीच बघून घ्या.

सगळ्याला एकच थंडी

पेटीवर "पेरिशेबल" चिकटवलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण त्या लेबलवरून गोदामातल्या माणसाला तापमान कळत नाही. हापूसला १२-१३ अंशांच्या खालची थंडी बाधते. ताज्या मासळीला शून्य ते दोन अंश लागतात, गोठवलेल्या मालाला उणे १८. तुम्ही लिहून दिलं नाही, तर आंब्याच्या पेट्या भाजी-फुलांसोबत दोन ते आठ अंशांच्या खोलीत जातात आणि त्यात गोदामवाल्याची काहीच चूक नसते. म्हणून एअर वेबिलच्या (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीच्या) हाताळणीच्या रकान्यात अंशांचा आकडा लिहा, तोच पेटीच्या दोन बाजूंना लिहा, आणि बुकिंग करतानाही तोच आकडा सांगा.

पोचलेल्या मालावरून चूक ओळखता येते. साल करडी-काळपट, फळ पिकायचं नाव घेत नाही, चवीला सपक: गारठा लागला. एकाच बाजूला काळा डाग: जेल पॅक (गोठवलेल्या जेलची थंड पिशवी) थेट फळाला टेकला होता, मध्ये पुठ्ठा घालायला हवा होता. पॅलेटच्या मधल्या पेट्या पिवळ्याधमक आणि कडेच्या हिरव्या: माल गरम भरला किंवा हवा कोंडली. बाहेरून सुरेख आणि कापल्यावर कोयीजवळ स्पंजासारखा फिकट गर: तो साका. तो बागेतूनच आलेला असतो, त्यासाठी विमानाला किंवा पेटीला दोष देऊ नका.

गोठवलेल्या मालाचंही तसंच. सुटी असलेली कोळंबी एक ढेकूळ होऊन निघाली, किंवा उकडीच्या मोदकांच्या पाकिटात आतून बर्फाचे मोठे खडे दिसले, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे. हाताला कितीही कडक लागला तरी तो पुढे विकू नका.

ड्राय आइस आणि पाणी

गोठवलेल्या मालासोबत साधे जेल पॅक घालणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ते शून्याच्या आसपास वितळतात आणि उणे १८ राखू शकत नाहीत. त्याला ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइडच हवा. तो उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो आणि थंड हवा खाली उतरते, म्हणून तो मालाच्या वर ठेवायचा. मध्यम आकाराच्या थर्माकोल खोक्यातून दिवसाला दोन-चार किलो सहज उडून जातो. हिशेब विमानाच्या तासांवर करू नका, तुमच्या दारापासून ग्राहकाच्या दारापर्यंतच्या तासांवर करा आणि वर एक दिवस धरा.

खोका टेपने हवाबंद करू नका, वायू कोंडून तो फुटू शकतो. ड्राय आइस हा धोकादायक मालात मोडतो: त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन १८४५, वर्ग ९. लेबल आणि निव्वळ किलो खोक्यावर हवेतच. एका विमानात किती ड्राय आइस न्यायचा याला मर्यादा असते, म्हणून तो बुकिंगच्या वेळीच सांगावा लागतो. शेवटच्या क्षणी सांगितलेला खोका टर्मिनलवरच राहतो आणि आतला माल तिथे वितळत जातो. ताज्या आंब्यासोबत ड्राय आइस कधीही नको.

ताज्या मासळीत भीती पाण्याची. खारं पाणी गळून विमानाच्या धातूपर्यंत गेलं तर तो गंजतो, म्हणून विमान कंपन्या गळक्या खोक्याला हात लावत नाहीत. मासळीखाली शोषक पॅड, दोन जाड पिशव्या, साध्या बर्फाऐवजी जेल पॅक. भरलेला खोका रात्रभर कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून बघा. सकाळी पुठ्ठा ओला असेल तर तो खोका जाऊ देऊ नका.

भाडं, दिवस, जागा

भाडं वजनाचं असतं तसं जागेचंही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागा. ६० × ४० × ४० च्या खोक्याचे १६ किलो होतात. आत १० किलो मासळी असली तरी भाडं १६ चं. दर ठरवण्याआधी हे गणित करा.

शुक्रवारी रात्रीचं विमान शक्यतो टाळा. शनिवार-रविवारी तिकडे तपासणीचं मनुष्यबळ कमी असतं आणि माल सोमवारपर्यंत अडकतो. प्रवासी विमानात बॅगांना पहिला मान मिळतो, म्हणून ऐन हंगामात पेट्या ऑफलोड होतात, म्हणजे विमानातून उतरवून मागे ठेवल्या जातात. त्या रात्री माल कुठल्या खोलीत राहणार आणि तिचं तापमान किती, हे फॉरवर्डरला आधीच विचारून ठेवा.

कागद

मे २०२५ मध्ये लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे आपल्या आंब्याच्या १५ खेपा अडवल्या गेल्या. नवी मुंबईत ८ आणि ९ मे रोजी त्यांचं विकिरण (कीड मारण्यासाठी किरणांची प्रक्रिया) झालं होतं. अडचण निघाली पीपीक्यू २०३ या कागदाची, म्हणजे त्या प्रक्रियेच्या अमेरिकी दाखल्याची. परत आणायचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून निर्यातदारांनी ती फळं तिथेच नष्ट केली. एका मोसमाची मेहनत एका कागदापायी गेली, हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

म्हणून पेटी भरायच्या आधी कागद भरा. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट या तिन्हींवर पेट्यांची संख्या, वजन आणि घेणाऱ्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आदल्या दिवशी तिन्हींचे फोटो तिकडच्या क्लिअरिंग एजंटला पाठवा आणि त्याचं "ठीक आहे" लेखी घ्या. तूप, खवा किंवा पनीर घातलेला पदार्थ असेल तर दुग्धजन्य पदार्थांचे नियम लागतात का, हेही त्याच्याकडूनच काढून घ्या.

नुकसान झालंच, तर

घेणारा माणूस "माल मिळाला" म्हणून सही करतो आणि दोन दिवसांनी खोका उघडतो. तिथेच दावा लंगडा होतो. सही करण्याआधी दोन-तीन पेट्या उघडायच्या, गराचं तापमान घ्यायचं, फोटो काढायचे आणि जे दिसेल ते पावतीवरच लिहायचं. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार खराब मालाची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. फळाचा स्वतःचाच दोष असेल तर विमान कंपनीची जबाबदारी राहत नाही, त्यामुळे सगळी मदार लॉगरवर. तो पॅलेटच्या मधोमध एक आणि कडेला एक असे दोन ठेवा, पेटी भरतानाच सुरू करा, आणि कोणत्या क्रमांकाच्या पेटीत ठेवलाय ते घेणाऱ्याला आधी कळवा. माझ्या त्या लंडनच्या खेपेत एकच लॉगर होता. तरीही त्यानेच मला पाच तासांची रांग दाखवली. आता माझी गाडी टर्मिनलवर पहाटे पाचला लागते.