टिक फिव्हर: आधी स्मिअर, मग डॉक्सी

इंटर्नशिपला कुत्र्या-मांजरांच्या ओपीडीत उभं राहिलात की हा रुग्ण लवकरच समोर येतो. दोन दिवस खात नाही, अंग तापलेलं, रिपोर्टमध्ये प्लेटलेट सत्तर हजार. मालकच म्हणतो, ‘टिक फिव्हर (गोचीड-ताप) आहे, डॉक्सी चालू करा.’ बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. पण डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक, एर्लिकिया या जिवाणूवर चालते. बबेसिया या तांबड्या पेशींतल्या परजीवीसाठी एकट्या डॉक्सीवर विसंबता येत नाही. दोन्ही आजार गोचिडीतूनच येतात आणि एकाच कुत्र्यात एकत्रही सापडतात. म्हणून पहिला डोस देण्याआधी काच हातात घ्या आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

त्याआधी दोन गोष्टी. कुत्रा अचानक चावरा झालाय का, जबडा लोंबतोय का, लाळ गळतेय का, हे विचारल्याशिवाय तोंडात हात घालायचा नाही. तुमची स्वतःची रेबीजची लस झालेली हवीच. मग ताप बघा (101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हा सामान्य), हिरड्यांचा रंग बघा, पोटाच्या केसविरहित कातडीवर लाल ठिपके शोधा, गुडघ्यामागच्या लसिका ग्रंथी चाचपा. नाकातून रक्त येत असेल तर एर्लिकियाचा संशय वाढतो. हिरड्या पांढऱ्याफटक आणि लघवी चहासारखी असेल तर बबेसियाचा. पावसाळ्यात कावीळ आणि उलट्या असल्या तर लेप्टोस्पायरोसिस विसरू नका.

स्मिअरसाठी कानाच्या टोकाचं रक्त घ्या. स्पिरिट पूर्ण वाळल्यावरच टोचा, नाहीतर पेशी फुटतात. थेंब लहान, पसरायची काच साधारण 30 ते 45 अंशांत, हात न थांबवता एकदाच. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथून पुढे होते: दमट हवेत स्मिअर हळू वाळतो, तांबड्या पेशींत पाण्याचे चमकते ठिपके पडतात आणि त्यांनाच ‘बबेसिया’ म्हटलं जातं. फोकस वर-खाली करा. ठिपका चमकला तर तो परजीवी नाही. काच लगेच हलवून किंवा पंख्याखाली वाळवा.

ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या 100x भिंगाखाली) आधी स्मिअरच्या कडेला जा. प्लेटलेटचे पुंजके तिथे जमतात. पुंजके दिसले तर मशीनने दिलेला कमी आकडा खोटा असू शकतो. मग पेशी एका थरात असतील तिथे दहा फील्डमधल्या प्लेटलेट मोजा आणि सरासरीला 15,000 ने गुणा, म्हणजे दर मायक्रोलिटरमागचा अंदाज मिळतो. एर्लिकियाचे मोरुला (जिवाणूंचे पुंजके) मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये क्वचितच सापडतात, त्यामुळे दिसले नाहीत म्हणून आजार नाकारता येत नाही. अँटिबॉडी किटही सुरुवातीच्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतं, आणि बऱ्या झालेल्या कुत्र्यात कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं. शक्य असेल तिथे पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करा, आणि त्याचं रक्त औषधाआधी काढा.

एर्लिकियाला डॉक्सीसायक्लीन किलोमागे 10 मिलिग्रॅम रोज, 28 दिवस. म्हणजे 12 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 120 मिलिग्रॅम. जेवणानंतर द्या, वर पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. दुधातून देऊ नका. दोन-तीन दिवसांत कुत्रा शेपूट हलवायला लागतो आणि मालक पाचव्या दिवशी गोळ्या थांबवतो. चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची तारीख लिहून द्या, याचा खरोखर उपयोग होतो. तीन दिवसांतही फरक नसेल तर डोस वाढवत बसू नका, काच पुन्हा बघा.

मोठ्या, नासपतीच्या आकाराच्या बबेसियाला इमिडोकार्ब हे परजीवीविरोधी औषध स्नायूत देतात, दोन आठवड्यांनी पुन्हा. लाळ आणि उलट्या टाळायला आधी अॅट्रोपिन. अंगठीसारखा छोटा बबेसिया गिब्सोनाय मात्र इमिडोकार्बने हटत नाही. त्याला अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन दहा दिवस लागतात. अॅटोव्हाक्वोन स्निग्ध जेवणासोबतच द्यायचं. औषध महाग आहे, हे मालकाला आधीच मोकळेपणाने सांगा.

प्लेटलेट कमी असताना मानेच्या शिरेतून रक्त काढू नका. पायाची शीर घ्या आणि पाच मिनिटं दाबून ठेवा. तापासाठी घरात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलंय का, हे नाव घेऊन विचारा, कारण मालक आपणहून सांगत नाही. यातून पोटात रक्तस्राव होतो.

गोचीड कुत्र्यावर दिसते त्याहून जास्त भिंतीच्या फटीत आणि पायपुसण्याखाली असते. फ्लुरालानरची गोळी साधारण 12 आठवडे काम करते, पण फटींची फवारणी वेगळी करावीच लागते. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध कुत्र्यालाही लावायला सांगू नका. मांजराला ते जीवघेणं ठरतं.