मरळीला गळ टाकताना या चुका टाळा

किनवटकडच्या जंगलातले ओढे दिवाळीनंतर आटत जातात, धार तुटते आणि मागे डोह उरतात. मरळ तिथंच असते. दरवर्षी नवी पोरं येतात, तासाभरात “इथं मासाच न्हाई” म्हणून गाडीला किक मारतात. मासा असतो, त्यांनीच तो दडवलेला असतो.

कसा, ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात भाच्याला नेलं होतं. ऊन पाठीवर, पायात जड बूट, आणि गडी ताठ चालत थेट काठावर. त्याची सावली डोहाच्या मधोमध पडली. काठालगत हातभर मरळ होती, ती शेवाळाखाली गडप. “मामा, चला पुढच्या डोहाला.” मी त्याला करंजीच्या बुंध्याशी बसवलं. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं, नाहीतर ती पाण्यातच गुदमरते. वीसेक मिनिटांनी ‘भुडुक’ आवाज आला, वर्तुळ उठलं. त्याच्या पलीकडं गळ लावलेला रबरी बेडूक टाकला, हळूहळू ओढत आणला. झडप पडली, मी मनात तीन मोजले आणि मग झटका दिला. तेवढ्यात ती बेडूक धरून तोंड फिरवते. पहिल्याच झटक्याला ओढणाऱ्यांच्या हाती बेडूकच येतो.

ऊन नेहमी तोंडावर घ्या. गळाचं टोक नखावर ओढून बघा, घसरलं तर बोथट आहे. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, काठावर टाकू नका, पाखरांचे पाय अडकतात. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत गळ बाहेर काढायचाच नाही. आणि विषारी पावडर टाकून किंवा करंट सोडून मासे मारणाऱ्याशी मी बोलत नाही. तो सगळा डोह मारतो.

पण मला सगळ्यात जास्त खुपते ती पावसाळ्यातली घाई. पाण्यावर नारिंगी पिल्लांचा थवा उकळत्या डाळीसारखा खदखदताना दिसतो. खाली आई-बाप राखणीला असतात, जवळ येईल त्यावर तुटून पडतात. म्हणून ते आई-बाप सहज गळाला लागतात. सोळाव्या वर्षी मीही तशी एक काढली. ती काठावर तडफडत होती आणि डोहात बारके मासे चहूबाजूंनी त्या थव्यात घुसत होते. बघता बघता नारिंगी ठिपका विरळ झाला. तेव्हापासून थवा दिसला की मी तंगूस गुंडाळतो आणि त्या डोहावर दिवाळीपर्यंत जात नाही.