छोट्या शिशूची शाळा निवडताना: आधी अंतर, मग माध्यम, बोर्ड सगळ्यात शेवटी

मूल अडीच वर्षांचं झालं की घरात पहिली चर्चा बोर्डाची. सीबीएसई, आयसीएसई की स्टेट? तीन वर्षांच्या पोराला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. दारात रडू आलं तर बाई जवळ घेतात का, हे त्याच्यासाठी मोठं. म्हणून शाळा शोधायचा क्रम उलटा लावावा.

१. वय मोजा
महाराष्ट्रात शाळा ज्या जूनमध्ये सुरू होते, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चलाच सहा पूर्ण लागतात. बदलीची नोकरी असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल नियमात बसतं म्हणून बसवलंच पाहिजे असं नाही. वर्गात ते सगळ्यात धाकटं ठरतं. एक वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही, शेजारचे काहीही म्हणोत.

२. रस्ता तपासा
घराजवळची बरी शाळा लांबच्या नावाजलेल्या शाळेपेक्षा चांगली, असं माझं स्पष्ट मत. मोबाइलच्या नकाशावर रविवारी दुपारी दिसणारं अंतर खरं मानू नका. शाळा भरण्याच्या वेळी स्वतः जाऊन बघा. बस असेल तर आपलं मूल पहिल्या थांब्यावर चढणार की शेवटच्या, आणि बसमध्ये ताई असतात का, हे विचारा. चार तासांच्या शाळेसाठी दोन तास बसमध्ये काढणारं मूल घरी येतं ते डबा तसाच घेऊन, चिडचिडं होऊन.

३. माध्यम ठरवा
खरा निर्णय हा. यावर घरात भांडण झालं तरी चालेल, पण ते प्रवेशाआधी होऊ द्या. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवणं घरच्या भाषेत, मातृभाषेत किंवा स्थानिक भाषेत व्हावं. धोरण बाजूला ठेवलं तरी साधी गोष्ट बघा: ‘बाई, शू लागली’, ‘यानं माझा खडू घेतला’, ‘पोटात दुखतंय’ हे मुलाला बिनधास्त सांगता येणार आहे का? इंग्रजी माध्यमच घ्यायचं असेल, तर शिशुवर्गात बाई मुलांशी मराठीत बोलतात का, ते विचारा. ‘आमच्याकडे मराठी बोलायला बंदी आहे’ असं कौतुकानं सांगणारी शाळा मी तरी यादीतून काढली असती.

मधला मार्ग सेमी-इंग्रजी. मराठी शाळेतच गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ते कितवीपासून, हे शाळेगणिक बदलतं, तेव्हा तिथेच विचारून घ्या. २०२० च्या राज्याच्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे, पण रोजचा एक तास म्हणजे माध्यम नव्हे.

४. शाळा चालू असताना जा
मुलं नसताना सगळ्याच शाळा छान दिसतात. वर्गाच्या दारात पाच मिनिटं उभं राहायची परवानगी मागा. कोण जास्त बोलतंय, मुलं की बाई? भिंतीवरची चित्रं मुलांच्या हातची आहेत की दुकानातून आणलेली? एखादी वही मागून बघा; छोट्या शिशूच्या वहीत पानंच्या पानं ‘ए, बी, सी’ गिरवलेली असतील, तर ती घाई आहे. शौचालयाची कडी, नळाची उंची, खेळायची जागा, एका बाईंकडे किती मुलं, हे बघायला लाजू नका.

पाटीवर ‘मॉन्टेसरी’ (साहित्य हाताळत मुलांनी शिकायची पद्धत) कुणीही लिहितं. बाईंनी त्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, ते विचारा. महागड्या साहित्यालाही भुलू नका. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात आणि नंतर कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर. गल्लीतली अंगणवाडीही एकदा बघून या. सेविका हौशी असतील तर तिथेही मूल छान रमतं.

५. पैसे आणि कागद
निव्वळ शिशुवर्गच असेल, तर मोठ्या शिशूनंतर पुन्हा शाळा शोधावी लागेल. पुढे प्राथमिक शाळा असेल, तर पहिलीचा प्रवेश आपोआप मिळतो का, ते लेखी विचारा आणि शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक, मागा. तो ११ आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळेला प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेऊन चाळणीही लावता येत नाही. वंचित आणि दुर्बल गटांसाठी खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा असतात. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, लागू असेल तो जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसील कार्यालयात ऐनवेळी गर्दी होते.

६. आता बोर्ड
बदलीची नोकरी असेल तर सीबीएसई सोयीचं. नसेल तर वरच्या पाच गोष्टींत जी शाळा उतरली, तिचं जे असेल ते.

फॉर्म दोन शाळांचे भरा. पहिला हप्ता भरण्याआधी, प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्या.