गुऱ्हाळाच्या एका आदणातून संगीत

गुऱ्हाळात रेकॉर्डर चालू करून तासभर उभं राहिलात तर हाती फक्त गोंगाट येतो. घाणा, चुलवाण, हाका, सगळं एकमेकांत कालवलेलं. त्यामुळे एका आदणात, म्हणजे एका खेपेचा रस आटून गूळ होईपर्यंत, तीनच आवाज धरा: घाण्याची मोटर, उकळता रस आणि पाकाची शेवटची गोळी. करवीर-पन्हाळ्याकडे दिवाळीनंतर गुऱ्हाळं जोरात असतात. गुळव्यांना, म्हणजे गूळ करणाऱ्यांना, आधी विचारा, आणि चुलवाणात चिपाड सारणाऱ्याच्या वाटेत ट्रायपॉड उभा करू नका.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ऑटो लेव्हल बंदच हवी, नाहीतर प्रत्येक हाकेनंतर रसाचा आवाज दबतो, मग हळूहळू वर येतो, आणि हा दोष नंतर नीट निघत नाही.

माईक काहिलीपासून (रस आटवायच्या मोठ्या कढईपासून) मीटरभर, वारा येतो त्या बाजूला. वाफ आत गेली की चरचर सुरू होते. मग कोरड्या हवेत सुकवण्याशिवाय इलाज नाही. दर १५ मिनिटांनी २ मिनिटं रेकॉर्ड करा. सुरुवातीला नुसती खळखळ असते; रस आटून ११८ अंशांकडे सरकतो तसे बुडबुडे जड होतात, रटरट, मग फट्... फट्. हे तुकडे ओळीने लावले की लय आपोआप संथावत जाते. आमच्या मते इथे फार कलाकुसर नकोच.

मोटरसाठी २७ मिलिमीटरची पिएझो चकती (कंपनं टिपणारी) घाण्याच्या चौकटीला क्लॅम्पने घट्ट लावा, वायर पट्ट्यापासून लांब. साध्या माईक इनपुटला जोडली तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, कारण पिएझोला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. गिटारचं इनपुट चालतं. तापलेल्या काहिलीला चकती चिकटवू नका, गोंद सुटतो.

विजेच्या मोटरची गुणगुण १०० हर्ट्झला असते, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा (९८ हर्ट्झ) जरा चढी. संगणकावर ३५ सेंट उतरवा (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). पेटी तिच्याशी जुळते, तानपुऱ्याची गरज उरत नाही.

लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) कापताना लाट शून्यावरून जाते तिथेच कापा, दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाची चढ-उतार) द्या. नाहीतर दर फेरीला टिक्‌ वाजतं. काहिलीच्या काठावर फावडं आपटलं तर त्या टणत्काराची सुरुवातीची ठोकर उडवून पाहा: उरलेला नाद कशाचा हे ओळखू येत नाही. पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये घंटेवर हाच प्रयोग केला होता.

गोळी मात्र अजिबात कापू नका. पाक थंड पाण्यात टाकून झालेली गोळी काही गुळवे भांड्यावर आपटून पाहतात. टण्ण वाजली की काहील उतरते. तो आवाज एकदाच मिळतो, तेव्हा रेकॉर्डर आधीपासून चालू ठेवा.