बाबांनी वाचायचं, तेही आपल्या वऱ्हाडीत

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आलेल्या बाबाकडे रात्री गोष्ट मागणं जरा जास्तच होतं. त्यापेक्षा रविवारी तर्री-पोहे झाले की दहा मिनिटं पकडा.

दोन-तीन वर्षांच्या पोराला ओळ न् ओळ वाचून दाखवायची गरज नाही. चित्रावर बोट ठेवा, 'हा काय करून राह्यला?' विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा द्या. पुस्तकातला कावळा प्रमाण मराठीत बोलत असला, तरी तुमच्या घरी त्यानं 'काहून बे?' म्हणायला हरकत नाही. पोरं त्यावरच खिदळतात. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर वाक्य अर्धं सोडा, शेवटचा शब्द त्याला म्हणू द्या.

पुस्तकं विकतच घ्यावीत असं नाही. स्टोरीवीव्हरच्या साइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. पहिली पातळी निवडा, पानावर मोजकेच शब्द असतात. मोबाइल मात्र बाबांच्याच हातात हवा, नाहीतर तिसऱ्या पानावर कार्टून सुरू! आणि बाबा अडखळले, तर बाजूच्या खोलीतून कुणी दुरुस्त्या पाठवू नका.